रेडिएटरचा तुटलेला कान

१. इतकी वर्षे टिकून आताच का तुटला?

जुनी मोटार बाळगणाऱ्याला एक प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. रेडिएटर धरून ठेवणारी दोन बोटे रुंदीची लोखंडी पट्टी पन्नास वर्षे टिकली. गाडी कुठे आपटली नाही, कोणी धडक दिली नाही. मग एका सकाळी बॉनेट उघडावे आणि पट्टी मधोमध तुटलेली दिसावी, हे कसे? त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो : नाक्यावरच्या वेल्डरकडून टाका मारून घेतला तर चालेल ना?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात दडलेले आहे. पट्टी कशाने तुटली हे कळल्याखेरीज मारलेला टाका बहुधा काही महिन्यांचा सोबती ठरतो. टाका उत्तम निघाला, तर तुटण्याची पाळी शेजारच्या भागावर येते आणि तो भाग पट्टीपेक्षा महाग असतो.

उदाहरणासाठी महाराष्ट्रातल्या रस्त्यांना सर्वांत परिचित अशी गाडी घेता येईल. मुंबईतल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. चार सिलिंडरचे, १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे, आणि त्याच्याही पुढे रेडिएटर. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने मुंबईत कित्येक दशके काढली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. हौसेने जपलेल्या खासगी गाड्या मात्र अजून फिरतात. पुढे येणारे विवेचन अँबॅसडरला किंवा त्या काळच्या इतर गाड्यांनाही लागू पडते, कारण त्या सर्वांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आहेत.

२. कोण कोणाला धरून असते

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा थोडाच भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता बाहेर टाकली नाही तर इंजिन स्वतःलाच भाजून घेईल. म्हणून सिलिंडरांभोवती पाणी खेळवलेले असते. पंप ते पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरकडे ढकलतो. रेडिएटरच्या वरच्या टाकीतून ते पातळ नळ्यांमधून खाली उतरते, नळ्यांना चिकटलेल्या तांब्याच्या पातळ पापुद्र्यांवरून वारा वाहतो, आणि गार झालेले पाणी खालच्या नळीने इंजिनात परत जाते. गाडी उभी असते तेव्हा वाऱ्याचे काम पंखा करतो.

या साखळीत ब्रॅकेट, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि कान, नेमके कुठे कुठे येतात? पहिला, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना असलेले कान. हे पोलादी पट्टीचे किंवा जाड पितळी पत्र्याचे असतात. एक टोक रेडिएटरच्या कडेला झाळलेले आणि दुसरे गाडीच्या पुढच्या चौकटीला बोल्टने बांधलेले. दुसरा, वीज तयार करणाऱ्या डायनॅमोला धरणारा ब्रॅकेट आणि त्याच्यासोबतची लांबट खाच असलेली ताणपट्टी. तिसरे, पंपाच्या किंवा थर्मोस्टॅटच्या घराला ओतकामातच आलेले कान. पंख्याभोवती पत्र्याचे कडे असेल तर त्याच्या बारीक पट्ट्या हा चौथा प्रकार.

यांतला दुसरा प्रकार अनेकांच्या ध्यानात येत नाही. डायनॅमोचा ब्रॅकेट विजेच्या खात्यात मोडतो, असा समज असतो. पण त्या काळच्या बहुतेक गाड्यांत एकच पट्टा डायनॅमो, पंप आणि पंखा या तिघांना फिरवतो. डायनॅमो बाहेर ओढून धरला की पट्टा ताणलेला राहतो. त्याचा ब्रॅकेट तुटला की पट्टा सैल, पट्टा सैल की पंप आणि पंखा दोन्ही गप्प, आणि काही मिनिटांत काटा लाल रेषेवर. बॅटरी चार्ज होत नसल्याचा लाल दिवा आणि चढते तापमान ही जोडी एकाच वेळी दिसली, तर रेडिएटरकडे पाहण्याआधी पट्ट्याकडे पाहावे.

३. धातू थकतो म्हणजे काय

बाइंडिंगची तार कापायला पक्कड सापडली नाही तर माणूस काय करतो? तार वाकवतो, उलटी वाकवतो, पुन्हा वाकवतो. आठ-दहा वेळांत ती तुटते. एकदाच ओढून ती कधीच तुटली नसती. धातूला एका मोठ्या झटक्यापेक्षा लहान जोराची पुनरावृत्ती अधिक मारक ठरते. याला धातूचा थकवा म्हणतात.

ही गोष्ट रेल्वेने जगाला शिकवली, आणि तीही महागात. मे १८४२ मध्ये पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर एका इंजिनाचा आस तुटला आणि अपघातात पन्नासहून अधिक माणसे मेली. आस जाडजूड होता, भारही नेहमीचाच होता. पुढे प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगुस्ट व्यॉलर याने आसांना लाखो वेळा उलटसुलट ताण देऊन पाहिले. त्याला आढळले, की ताण अमुक मर्यादेखाली ठेवला तर पोलाद व्यवहारात हवे तितके दिवस टिकते. मर्यादा जराशी ओलांडली, की मात्र आयुष्य मोजूनमापूनच मिळते. पितळ आणि ॲल्युमिनियम यांना अशी स्पष्ट मर्यादा नाही. त्यांच्या खात्यात प्रत्येक हेलकावा मांडला जातो, कितीही लहान असो.

मोटारीत असे हेलकावे किती बसतात, याचा हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या करत असेल तर सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे १०० धक्के. तासाला ३,६०,०००. मुंबईहून पुण्याला तीन तासांत पोहोचणाऱ्या गाडीच्या डायनॅमोचा ब्रॅकेट वाटेत दहा लाखांहून अधिक धक्के सोसतो. पन्नास वर्षे टिकला याचेच नवल वाटावे.

मात्र सगळे धक्के सारखे नसतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके बोट लावत राहिले तरी झोका वाढत जातो, लय चुकली तर जोराने ढकलूनही तो अडखळतो. प्रत्येक ब्रॅकेटची अशी एक आपली लय असते. इंजिनाचे धक्के त्या लयीशी जुळले की पट्टी दिसेल इतकी थरथरते. सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे नाकाड थडथडत असते ते यामुळेच, आणि घाटात जोरात पळवण्यापेक्षा तासन्‌तास उभ्याने चालू ठेवण्यात काही ब्रॅकेट अधिक लवकर संपतात.

४. भेगेचे टोक

शाम्पूची पुडी नुसती ओढून फाटत नाही, पण कडेला जिथे बारीक खाच दिलेली असते तिथून चुटकीसरशी फाटते. खाचेच्या टोकाशी सगळा ओढा गोळा होतो. धातूतही तसेच होते. पट्टीवर कानशीचा ओरखडा असेल, भोकाची कड धारदार राहिली असेल, गंजाने खड्डा पडला असेल, तर थकव्याची भेग तिथून निघते.

ओढा किती गोळा होतो, याचा ठोकताळा चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ मध्ये मांडला. रुंद पत्र्याच्या मधोमध गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट आणि ओढ्याला आडवे असेल, त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर ताण एकवीस पटींवर जातो. भेग म्हणजे जवळजवळ शून्य रुंदीचे लांबट भोकच. म्हणून एकदा सुरू झालेली भेग थांबत नाही.

यातूनच एक जुनी युक्ती निघते. भेगेच्या अगदी टोकावर तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडले की टोकाची धार नाहीशी होते. तिथे गोळा होणारा ताण बराच उतरतो. शिंपी कुडत्याच्या बाजूच्या चिरेच्या वर टाके घालून ती पुढे उसवू देत नाही, तेच हे काम. पण भोक टोकावरच पडले पाहिजे, आणि खरे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे असते. ते शोधण्यासाठी जागा घासून स्वच्छ करावी, रॉकेल चोपडून दहा मिनिटे मुरू द्यावे, कोरडी पुसून वर पांढरा खडू घासावा. भेगेत शिरलेले रॉकेल खडूत झिरपते आणि रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत आस तपासायला तेल आणि खडूची हीच रीत वापरत.

टोकाचे भोक ही दुरुस्ती नव्हे, हेही सांगायला हवे. घरी पोहोचेपर्यंतचा वेळ किंवा वेल्डिंगआधीची तयारी, एवढीच त्याची लायकी.

५. तुटलेली जागा वाचणे

तुटलेले दोन तुकडे घाईने पुन्हा जुळवून पाहू नयेत. त्यांची तोंडे घासली की पुरावा जातो. भिंगातून पाहिले तर थकव्याने तुटलेल्या तोंडावर दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, बहुधा गंजलेला, शिंपल्यावर असतात तशा वाकड्या रेघा असलेला. दुसरा खरखरीत, ताजा, चकाकणारा. गुळगुळीत भागात भेग हळूहळू सरकत होती. खरखरीत भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटला. खरखरीत भाग चिमूटभर असेल, तर पट्टीवर भार मुळात कमीच होता आणि ती बराच काळ तुटत होती. तोच भाग मोठा असेल तर भार जादा होता.

यानंतर जागा पाहावी. पट्टी जिथे काटकोनात वाकवलेली आहे त्या घडीवर तुटली असेल, तर रेडिएटर मागे-पुढे डुलत होता, म्हणजे खालचे रबर संपले असावे. बोल्टच्या भोकातून तुटली असेल, तर बोल्ट सैल राहून पट्टी घासत होती. झाळलेल्या कडेने सुटली असेल, तर पट्टी सोलली गेली. आणि बाहेरच्या दिशेने ओढल्याच्या खुणा असतील, तर संशय एका वेगळ्याच गोष्टीवर घ्यावा लागतो, ती म्हणजे उष्णतेने होणारे प्रसरण.

समजा, रेडिएटर ५० सेंटिमीटर रुंद आहे. सकाळी त्याचे तापमान ३० अंश, चालताना ९०. पितळ प्रत्येक अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १९ भाग वाढते. ६० अंशांना ५०० मिलिमीटरची वाढ सुमारे ०.५७ मिलिमीटर होते. गाडीची पोलादी चौकट तुलनेने गारच राहते, ती फारशी वाढत नाही. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण रेडिएटर दोन्ही बाजूंनी घट्ट आवळलेला असेल तर तो अर्धा मिलिमीटर रोज दोनदा कानांनाच गिळावा लागतो, गरम होताना एकदा आणि गार होताना एकदा.

गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून कानांची भोके लांबट ठेवलेली असत आणि बोल्टखाली रबरी चकत्या दिलेल्या असत. पुढे कोणीतरी चकत्या हरवतो, लांबट भोक 'ढिले' म्हणून जाड वॉशर वेल्ड करून बुजवतो, आणि बोल्ट दात-ओठ खाऊन आवळतो. जुन्या गाड्यांतले निम्मे तुटलेले कान अशा प्रेमळ घट्टपणाचे बळी असावेत.

६. उष्णतेची शिडी

आता दुरुस्तीकडे. धातू जोडण्याच्या तीन रीती गॅरेजमध्ये चालतात. झाळकाम म्हणजे सोल्डरिंग, ब्रेझिंग आणि वेल्डिंग. पहिल्या दोन्हींत मूळ धातू वितळत नाही. दुसराच, कमी उष्णतेवर वितळणारा धातू दोन तुकड्यांमध्ये शिरतो आणि चिकटतो. भरणीचा धातू ४५० अंशांच्या खाली वितळत असेल तर सोल्डरिंग, वर असेल तर ब्रेझिंग. वेल्डिंगमध्ये मूळ तुकड्यांच्या कडाच वितळून एकजीव होतात.

या तिन्ही रीती एका शिडीवर मांडता येतात. सर्वांत खाली सोल्डर. कथील एकटे २३२ अंशांना वितळते आणि शिसे ३२७ अंशांना, पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते. दोघांपेक्षाही खाली, ही निसर्गाची गंमतच म्हणायची. त्याच्या वरच्या पायरीवर ॲल्युमिनियम, ६६० अंश. चांदी मिसळलेल्या ब्रेझिंगच्या सळया त्याच सुमाराला, साधारण ६२० ते ७०० अंशांवर वितळतात. ९०० च्या आसपास पितळ आणि पितळी सळई, १,०८५ ला तांबे, १,१५० च्या पुढे बीड, आणि १,४५० च्या वर पोलाद.

नियम एकच : जोड देताना शेजारी जे आहे ते शिडीवर वरच्या पायरीला असले पाहिजे. रेडिएटरच्या टाक्या, नळ्या, कान हे सगळे सोल्डरने जोडलेले असते. त्याच्या कानावर वेल्डिंगची किंवा ब्रेझिंगची ज्योत नेली, तर कान जोडला जाण्याआधी टाकीची शिवण सुटून पडेल. 'जरा लांबून मारतो' हे आश्वासन कामाचे नाही, कारण तांबे आणि पितळ उष्णता झपाट्याने वाहून नेतात. चहाच्या पातेल्यातला पितळी चमचा हाताला कसा भाजतो हे आठवावे.

सोनार हाच नियम उलट्या क्रमाने पाळतो. एकाच दागिन्यात अनेक डाग द्यायचे असतील, तर सर्वांत उशिरा वितळणारा डाग तो आधी देतो आणि लवकर वितळणारा शेवटी. पोलादी कानाचे दोन तुकडे जोडायचे असतील, तर तेही याच क्रमाने. कान रेडिएटरवरून उतरवून टेबलावर ब्रेझ किंवा वेल्ड करायचा, आणि तो सबंध झाल्यावर सोल्डरने परत बसवायचा.

७. कान परत झाळताना

हे काम आणि कल्हईवाल्याचे काम यांत फारसे अंतर नाही. कल्हईवाला भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो. नवसागराने धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा निघतो. तो निघाला नाही तर कथील पाण्यातल्या तेलासारखे गोळे होऊन पळते. सोल्डरही तसेच. झाळणाऱ्याचे निम्मे कौशल्य घासण्यातच असते.

रेडिएटर गार असताना पाणी काढून तो गाडीवरून उतरवावा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचे पाणी असू शकते आणि झाकण निघताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर येते. काढलेल्या पाण्यात हिरवे-निळे अँटिफ्रीझ असेल तर ते उघड्यावर ठेवू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात.

कान सुटलेली जागा आणि कानाचा पाया, दोन्ही रंग, जुने सोल्डर आणि गंज काढून चकचकीत करावे. मग दोन्हींना वेगवेगळी कल्हई द्यावी, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवावा. आसपासच्या शिवणींवर ओल्या चिंध्या गुंडाळाव्यात. दोन्ही कल्हई केलेले भाग एकमेकांवर दाबून तापवले की थर वितळून एक होतात. गार होईपर्यंत काहीही हलू देऊ नये. हललेला जोड वरून दाणेदार आणि निस्तेज दिसतो आणि तो कच्चा असतो.

पोलादावर सोल्डर सहज चढत नाही. त्यासाठी मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे विरघळवून केलेले पाणी वापरतात. ते करताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. काम झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने जोड धुवावा. तेजाबाचा अंश राहिला तर सहा महिन्यांत जोडाखालून हिरवट बुरशीसारखा गंज डोकावू लागतो. शिशाचा संबंध येतो म्हणून हवा खेळती असावी, जुना जोड घासताना तोंडावर फडके असावे आणि नंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

सोल्डरच्या स्वभावाची आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी लागते. चिकटपट्टी एका कोपऱ्यातून सोलली तर अलगद निघते, पण सपाट धरून सरकवू गेले तर हटत नाही. सोल्डरही सरकवण्याला भक्कम, सोलण्याला दुबळे. त्यात ते ९० अंशांच्या उष्णतेत कायम भार असेल तर हळूहळू ओघळल्यासारखे सरते, कारण त्याचा वितळण्याचा बिंदू तिथून फार दूर नसतो. म्हणून कानाचा पाया जितका रुंद तितका बरा. मूळ पाया दोन सेंटिमीटरचा असेल आणि तिथूनच सुटला असेल, तर पितळी पत्र्याची चार-पाच सेंटिमीटरची, कोपरे गोल केलेली चकती मध्ये घालून क्षेत्र वाढवावे. बाजूच्या पोलादी पट्टीवर कान बसत असेल तर दोन रिव्हेट ठोकून भार त्यांच्यावर द्यावा आणि सोल्डरकडे फक्त घट्ट धरण्याचे काम ठेवावे. टाकीच्या पत्र्यात मात्र रिव्हेटचे भोक पाडू नये. तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो, आणि पलीकडे पाणी असते.

८. पोलादी ब्रॅकेट : जोडावा की नवा करावा

डायनॅमोचा ब्रॅकेट किंवा रेडिएटरची बोल्टने बसणारी पट्टी साध्या पोलादाची असेल, तर ती वेल्ड होते. पण नुसती भेगेवर मण्यांची माळ ओढून उपयोग नाही. भेगेच्या टोकाला भोक, मग भेग दोन्ही बाजूंनी कानशीने किंवा ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडायची, म्हणजे वितळलेला धातू तळापर्यंत पोहोचतो. तुकडे वेल्ड करण्याआधी कार्डबोर्डवर ब्रॅकेटचा आराखडा आणि भोकांमधली अंतरे उतरवून घ्यावीत. दोन मिलिमीटरचा फरक पडला तर पट्टा तिरका चालेल आणि दर महिन्याला नवा लागेल. जोड झाल्यावर वरचा उंचवटा घासून सपाट करावा. ओबडधोबड टाका म्हणजे नव्या भेगेसाठी तयार खाच.

वेल्डिंग गाडीवरच उरकण्याचा मोह टाळावा. शेजारी पेट्रोलची नळी, रबरी होज आणि तारा असतात. नाइलाजच असेल तर बॅटरी सोडवावी आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. तो लांब बंपरला लावला तर करंट वाटेतल्या बेअरिंगांतून जातो आणि त्यांना खड्डे पाडतो.

आता जाडीचा प्रश्न. 'दोन मिलिमीटरची तुटली ना, तीनची टाकू' हा सल्ला हमखास मिळतो. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. दोनाचा घन आठ, तिनाचा सत्तावीस. म्हणजे तीन मिलिमीटरची पट्टी दोनच्या तुलनेत जवळजवळ साडेतीन पट ताठ. ती वाकणार नाही, हे खरे. पण पूर्वी जी हालचाल पट्टी वाकून सोसत होती, ती आता पट्टीच्या पायथ्याशी, पितळी टाकीच्या पातळ पत्र्यावर जाईल. कान शाबूत राहील आणि टाकी फाटेल. मूळ पट्टी मऊ होती ती कंजुषीने नव्हे. चौकट आणि रेडिएटर यांच्या भांडणात मध्यस्थाने थोडे वाकावे, अशीच तिची नेमणूक होती. डायनॅमोच्या ब्रॅकेटबाबत मात्र जाडी वाढवायला हरकत नाही, कारण त्याची दोन्ही टोके भक्कम ओतीव धातूवर असतात.

साधी पोलादी पट्टी एकापेक्षा जास्त ठिकाणी तडकली असेल, तर जोडत बसू नये, नवी करावी. एक भेग दिसली म्हणजे बाकीच्या जागाही तेवढ्याच थकलेल्या आहेत. नवी पट्टी वाकवताना घडीची आतली गोलाई किमान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवावी आणि भोकांच्या कडा घासून मऊ कराव्यात. जुनी पट्टी टाकून देऊ नये. भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय आहे आणि तीत गाडीचे मूळ रूप मोलाचे धरले जाते. एखादी पट्टी बदलल्याने काही बिघडत नाही, पण मूळ तुकडा डब्यात असला की पुढच्या मालकाला नमुना मिळतो.

९. बीड आणि ॲल्युमिनियम

पंपाच्या घराचा कान तुटला तर काम अवघड होते. बिडाच्या तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले की तो तडकतो, हे स्वयंपाकघरात सर्वांना माहीत असते. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो, म्हणून ते कडक आणि ठिसूळ. वेल्डिंगने एकच जागा पांढरीफटक तापली आणि शेजार गार राहिला, तर जोड गार होताना आकसतो आणि बाजूलाच नवी चीर पडते. त्यामुळे पूर्ण घर आधी सारखे तापवायचे, निकेलच्या काडीने थोडे थोडे वेल्ड करायचे, आणि शेवटी राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर गार होऊ द्यायचे. पितळी सळईने ब्रेझ करणे बहुतेक वेळा याहून बरे, कारण त्यात बीड वितळत नाही. त्यासाठी टाकणखार लागतो.

थर्मोस्टॅटचे घर ॲल्युमिनियमचे असेल तर आणखी पंचाईत. लोखंड तापले की लाल होते आणि कारागिराला सावध करते. ॲल्युमिनियम रंग न बदलता अचानक खाली बसते. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्याही वर वितळतो, म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साल शाबूत. हे काम आर्गॉन वायूच्या वेल्डिंगवर हात बसलेल्याकडेच द्यावे. बाजारात नवे घर मिळत असेल तर तेच घ्यावे.

१०. परत बसवताना

रेडिएटर गाडीवर चढवण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची ती पंक्चरवाल्याच्या रीतीने. तोंडे बंद करून, पाण्याच्या टाकीत बुडवून आत हवा भरायची आणि बुडबुडे पाहायचे. हवेचा दाब रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त देऊ नये. झाकण सात पौंडांचे असेल तर त्या दाबाला पाणी साधारण १११ अंशांना उकळते. टायरच्या पंपाने तीस पौंड भरले तर चांगल्या शिवणीही उघडतील.

मग खालचे रबर पाहावे. नख रुतत नसेल तर ते दगड झाले आहे, बदलावे. इंजिनाखालचे रबरही बसलेले असेल तर इंजिन पुढे झुकते, होज ताणते आणि पंखा रेडिएटरच्या जवळ येतो. पंख्याचे एक पाते वाकलेले किंवा तुटलेले असेल, तर दुसरा ब्रॅकेट आणण्याआधी पंखा बदलावा. असमतोल पंखा पंपाच्या बेअरिंगपासून डायनॅमोच्या पट्टीपर्यंत सगळ्यांना खातो.

बोल्ट लावताना कान आणि चौकट यांच्यात फट राहत असेल, तर बोल्ट आवळून ती मिटवू नये. तसे केले की कान पहिल्या दिवसापासून वाकलेल्या अवस्थेत नोकरीला लागतो. फटीइतकी चकती घालावी. बोल्ट लांबट भोकाच्या मध्यावर असावा, म्हणजे दोन्ही बाजूंना सरकायला जागा राहील. रबरी चकती किंचित दबेल इतकेच आवळावे आणि नट सैल होऊ नये म्हणून नायलॉनचा किंवा दुहेरी नट लावावा.

शेवटी जोडावर काळा रंग न लावता पांढरा किंवा फिका लावावा. दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर बॉनेट उघडून पाहावे. पोलादी जोडाच्या रंगावर केसाएवढी तांबूस रेघ उमटली असेल, तर तडा परत आला आहे.